साच्यातला आवाज

शेडगे वकिलांनी चष्मा कपाळावर चढवला, लष्कराकडून आलेलं उत्तर डोळ्यांजवळ धरलं आणि तिसरा परिच्छेद मोठ्याने वाचला.

“‘वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिनांक अकरा फेब्रुवारी रोजी रुग्णाच्या घरी संपर्क साधला असता एका पुरुष नातेवाइकाने उत्तर दिले. नात्याच्या रकान्यात वडील अशी नोंद झाली, ती लेखनिकाची चूक होय. सबब निदानात बदल करण्याचे कारण दिसत नाही.’ झालं! तीन वर्षं भांडलो आणि शेवटी सापडलं कोण, तर लेखनिक.” त्यांनी कागद टेबलावर टाकला. “मी स्वतः बावीस वर्षं पलटणीत लेखनिक होतो, पोरी. जगातली निम्मी पापं आमच्याच नावावर आहेत.”

रेवती कणसे हसली नाही. साताऱ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या कार्यालयात ती खुर्चीच्या कडेला बसली होती. समोर तिच्या सेवापुस्तकाची प्रत उघडी होती. त्यातला अकरावा रकाना तिला पाठ होता. ‘संभ्रमविकार. परिचित व्यक्तीच्या जागी तोतया बोलत असल्याचा ठाम समज. सेवेशी संबंध नाही.’ सात वर्षांची नोकरी, सिग्नल ऑपरेटर म्हणून मिळालेली दोन प्रशस्तिपत्रं, नाईकपदाची फीत, हे सगळं या तीन वाक्यांच्या आधी येऊन संपत होतं.

या रकान्यामुळे किनारी रेडिओ केंद्राने तिचा अर्ज दोनदा परत पाठवला होता. कोकणातल्या बंदरावर बसून समुद्रातल्या बोटींच्या हाका ऐकायच्या, एवढंच ते काम. तिच्याइतका तयार कान त्या केंद्रात कुणाचा नसेल. पण मुलाखत घेणारा अधिकारी सेवापुस्तक मिटता मिटता म्हणाला होता, “बाई, तुमचं कौशल्य मान्य आहे. पण ज्यांना भलतंच ऐकू येतं असं लिहिलेलं आहे, त्यांच्या भरवशावर मी बुडणारी बोट सोडू का?”

“मृत्यूचा दाखला आहे ना आपल्याकडे,” रेवती म्हणाली. “बाबा नऊ नोव्हेंबरला गेले. डॉक्टर त्यांच्याशी अकरा फेब्रुवारीला बोलले. याच्यावर काय उत्तर आहे त्यांचं?”

“हेच उत्तर आहे. डॉक्टर बोलले ते दुसऱ्याच कुणाशी तरी, नाव चुकून वडिलांचं पडलं. तुझं म्हणणं काय, की तुझ्या बाबांच्या आवाजात कुणीतरी तीन महिने तुझ्याशी बोललं आणि डॉक्टरांशीही बोललं. मग तो बोलणारा आणून उभा कर. त्याने शपथेवर सांगितलं तर अकरावा रकाना उडाला म्हणून समज. नाहीतर तीन आठवड्यांनी सुनावणी होईल आणि तू घरी.”

“आबाकाका बोलले असणार. ते गेल्या आषाढात वारले.”

“असणार म्हणजे? त्यांनी कधी कबूल केलं होतं?”

“नाही. पण घरात पुरुष तेवढे एकच उरले होते.”

शेडग्यांनी फाईलमधून एक जाड झेरॉक्स काढून तिच्यापुढे सरकवली. “तुझी वही. लष्कराने आजाराचा पुरावा म्हणून फाईलला लावली होती. परवा मागून घेतली. काही सापडतंय का बघ.”

आता ‘साचा’ म्हणजे काय, ते सांगायला हवं.

त्या वर्षांत उत्तरेकडच्या उंच चौक्यांवर साधा फोन चालत नसे. जास्त वेळ चाललेलं प्रक्षेपण शत्रूच्या यंत्रांना चटकन सापडे आणि सापडलेल्या चौकीवर काही मिनिटांत ड्रोन येत. त्यामुळे जे बोलायचं ते पापणी लवते तेवढ्या वेळात धाडावं लागे. माणसाचा आवाज एवढ्या वेळात मावत नाही. शब्द मात्र मावतात. म्हणून घरच्या संचात बोललेलं वाक्य तिथल्या तिथे शब्दांत मोडलं जाई. जोर कुठे आहे, सूर चढता की उतरता, एवढ्या खुणा त्याला जोडल्या जात आणि ते चिमूटभर ओझं डोंगरावर पोचे. चौकीवरच्या संचात घरच्या माणसाच्या आवाजाचा साचा आधीच ठेवलेला असे. त्याचा घसा, टाळू, नाक, दातांमधली फट, सगळं आकड्यांत उतरवलेलं. आलेले शब्द त्या साच्यात ओतले की बाहेर पडे तो थेट त्या माणसाचा आवाज.

साचा करून घ्यायचा तर तालुक्याच्या गावी जाऊन दोनशे वाक्यं वाचावी लागत. रेवतीचे वडील सुभेदार रंगराव कणसे इस्त्रीचे कपडे घालून गेले आणि कवायतीच्या आवाजात दोनशे वाक्यं वाचून आले. आई गेली नाही. “माझं काय अडलंय तिथं? तुम्ही बोलताय की,” म्हणाली. मुलीने फौजेत जाणं तिला मान्यच नव्हतं. भरतीच्या दिवशी तिने रेवतीला डबा दिला आणि ती आत निघून गेली. तेव्हापासून दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं उरलं होतं. अशा रीतीने कणशांच्या घरी साचा एकच होता, आणि त्या संचात कोणीही बोललं तरी डोंगरावर सुभेदारच बोलत.

आवाजाचं सगळं काही साच्यात होतं. कधी बोलायचं, हे मात्र त्यात नव्हतं. प्रश्न ऐकल्यावर उत्तर द्यायला कोण किती वेळ घेतो, हे घशात नसतं.

रेवतीच्या चौकीवर वाक्य जाऊन उत्तर यायला यंत्राला एक पूर्णांक सात दशांश सेकंद लागत. हा आकडा तिच्या अंगवळणी पडला होता. रंगराव उतावळे, समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच त्यांचं उत्तर तयार असे. त्यामुळे त्यांचं उत्तर दोन सेकंदांच्या आत यायचंच. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी तिच्या ध्यानात आलं, ते आता तीन सेकंदांनी येतंय. पुढच्या प्रश्नाला सव्वातीन. आवाज बाबांचाच होता, जरासा घोगरा, ‘नाईकसाहेब’ म्हणताना आतून हसणारा. पण उत्तराआधी कोणीतरी थांबत होतं.

आधी तिने संच तपासला. मग अँटेना, मग केबल. दोष निघाला नाही, तेव्हा तिने स्टॉपवॉच घेतलं आणि वही सुरू केली. दहा रविवार, चारशे बारा नोंदी. आधीच्या वर्षभरातल्या कॉलच्या वेळा लॉगबुकात होत्या, त्यांच्याशी ताडून पाहिलं. जे निघालं ते तिने चौकीच्या प्रमुखांना सांगितलं, आणि तिच्या मते ते अगदी सरळ होतं. ‘सर, माझ्या वडिलांच्या आवाजात दुसरं कोणीतरी बोलतंय. ही सुरक्षेची बाब आहे.’

पायथ्याच्या तळावरचा डॉक्टर तिशीचा आणि मनाने चांगला होता. आपलं माणूस आपलं नाही, कोणी तोतया त्याच्या जागी आला आहे, असं वाटणं हा मनाचा एक ओळखीचा आजार आहे, हे त्याने शिकलेलं होतं. साडेपाच हजार मीटरवर प्राणवायू कमी, झोप तुटक, आणि मुलीकडे सेकंदांनी भरलेली वही. तरीही त्याने नियमाप्रमाणे, कणशांचा साचा तळावरच्या संचात उतरवून घेऊन, स्वतः घरी कॉल लावला. पलीकडून सुभेदार कणसे बोलले. चौथ्या दिवशी हेलिकॉप्टरने रेवतीला खाली आणलं.

इस्पितळातून तिला न्यायला चुलते आले, आबाकाका. बाबांची तब्येत बरी नाही म्हणाले, कागदांवर सह्या केल्या आणि दोन दिवस रेल्वेत तिच्यासमोर बसून पेरू कापून देत राहिले. त्यांच्या गावाकडे घरटी एक माणूस फौजेत, आणि तिथली रीतच आहे की चौकीवरच्या माणसाला घरचं वाईट कळवायचं नाही. तो सुट्टीवर येतो, स्टँडवर भेटेल तो त्याला हसून विचारतो, केव्हा आलास म्हणून. घरी येऊन त्याची आंघोळ होते, जेवण होतं, आणि मग घरातला मोठा माणूस त्याला शेजारी बसवून घेतो. खुद्द रंगरावांना त्यांची आई गेल्याचं चाळीस दिवसांनी असंच कळलं होतं. रेवतीलाही तसंच कळलं. ताट धुऊन ती आत आली तेव्हा आबाकाकांनी तिला शेजारी बसवलं.

“मला माहीत होतं,” एवढंच ती म्हणाली. तोवर सेवापुस्तकावर शिक्के पडले होते.

महिनाभर ती घरी राहिली. मग पठारावर पवनचक्क्यांची नोकरी मिळाली, तिथे गेली ती गेलीच.

पठारावर सेहेचाळीस पवनचक्क्या होत्या आणि एक पत्र्याची खोली. पात्यांना तडा जाऊ लागला की त्यांच्या फिरण्याच्या आवाजात बारीक खरखर येते. ती यंत्रांच्या आधी ऐकायची, हे रेवतीचं काम. आठवड्यातून एकदा कंपनीची जीप भाजी आणि पाणी टाकून जाई. ड्रायव्हर “काय मॅडम, बरंय ना?” विचारी, ती “बरंय” म्हणे. कधीकधी आठवड्याचं बोलणं तेवढंच होई. खोलीत आरसा होता, पण समोर बसून जेवायला कोणी नव्हतं, आणि हळूहळू ती उभ्याउभ्याच जेवू लागली होती.

शेडग्यांकडून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती पायरीवर वही घेऊन बसली. तीन वर्षांत तिने ती पाहिली नव्हती. तीन रकाने होते: प्रश्न, थांबा, उत्तर. कडेला शेरे. तेव्हा तिचं सगळं लक्ष मधल्या रकान्यावर होतं. आज ती उत्तरं वाचू लागली.

‘प्रश्न: आई कशी आहे? थांबा ४.१. उत्तर: बरी आहे. तुझी आठवण काढती. शेरा: बाबा असं बोलत नाहीत.’

‘प्रश्न: गोळ्या वेळेवर घेता का? थांबा ३.८. उत्तर: आता कशाच्या गोळ्या. शेरा: तपासणे.’

‘प्रश्न नाही. आपणहून: हातमोजं घाल. थंडीत बोटं सुजायची तुझी, लसूण घालून तेल चोळाय लागायचं. शेरा: ही माहिती यांना कुठून?’

त्या वेळी या शेऱ्याखाली तिने दोन रेघा ओढल्या होत्या. आपल्या बालपणाची माहिती कोणीतरी मिळवली आहे, म्हणजे प्रकरण गंभीर आहे, असं तिला वाटलं होतं. कारण तिची बोटं सुजत त्या सगळ्या हिवाळ्यांत रंगराव घरापासून दोन-अडीच हजार किलोमीटरवर होते.

आबाकाकांनाही ते ठाऊक नव्हतं. शिवाय ते उजव्या कानाने पूर्ण आणि डाव्याने अर्धे बहिरे. दर वाक्याला त्यांनी “आं?” केलं असतं. चारशे बारा उत्तरांत एकही “आं?” नव्हता.

पुरुषाचा आवाज, म्हणजे पुरुष बोलला असणार. साचा काय करतो ते दुसऱ्यांना शिकवणारी ती, आणि तीन वर्षं तिने तेच धरून ठेवलं होतं. लष्करानेही तेच धरलं होतं. रेवती वही घेऊन उठली, जीपवाल्याला फोन लावला आणि दुपारी गावात उतरली.

आई अंगणात घेवड्याच्या शेंगा सोलत होती. मान वर करून तिने पाहिलं.

“आलीस व्हय. सांगून तरी यायचं. कालवणाला काही न्हाई.”

“जेवून आलेय.” रेवती समोरच्या पोत्यावर बसली. “आई, त्या हिवाळ्यात माझ्याशी कोण बोलायचं?”

“आता ते कशाला? तुझं आबाकाका.”

“काकांना ऐकू कुठे येत होतं? माझी बोटं सुजायची हे त्यांना माहीत नव्हतं. बाबांनाही नव्हतं. तेल तू चोळायचीस.”

आईने हातातली शेंग सोलली नाही, टाकलीही नाही. रेवतीने मोजायचं नाही असं ठरवलं होतं, पण मोजलं गेलंच. एक. दीड.

“किडक्या निघाल्यात औंदा,” आई म्हणाली.

“आई.”

“काय आई आई? मी ठरवून न्हाई केलं.” तिने शेंग सुपात टाकली. “ते जाऊन तिसरा दिस. घर माणसांनी भरलेलं, आणि ते यंत्र वाजाय लागलं. रविवार हुता. मी उचललं ते तुला सांगायलाच. समोर आबाभावजी बसलेलं, त्यांनी हात हलवून सांगितलं, न्हाई म्हणून. मी नुसतं ‘हां’ म्हटलं, तर तू म्हणालीस, ‘बाबा, आज आवाज किती छान येतोय.’ मग काय करू?”

“पुढच्या रविवारी सांगायचं.”

“पुढल्या रविवारी तू मला काय काय सांगत बसलीस. बर्फ, ती कुत्री, तुमचा तो स्वयंपाकी खिचडी करपवतो ते. मला आजपतुर कधी सांगितलंस त्यातलं?” आई सूप पाखडू लागली. “मी तरी कवा इचारलं म्हणा.”

कोंबड्या टरफलांभोवती जमल्या. रेवतीने त्यांना हाकललं, मग सेवापुस्तकाची प्रत काढून अकरावा रकाना वाचून दाखवला, सावकाश, सोप्या शब्दांत. सुनावणीची तारीख सांगितली. “तू येऊन एवढंच सांगायचंस. बोलणारी मी होते. डॉक्टरांशीसुद्धा मीच बोलले. बस.”

“न्हाई.”

“का? तुला कोणी काही करणार नाही. वकील आहेत ना.”

“मला कुणाची भीती?” आईचा आवाज चढला. “तिथं गेलं की ते इचारणार. एक सांगितलं की दुसरं इचारणार. न्हाई यायची मी.”

“तुझ्यामुळे माझ्या कपाळी वेडी म्हणून शिक्का बसलाय. पठारावर एकटी राहतेय मी, आई. माणसाशी बोलायचं विसरत चाललेय.”

“जितीजागती हाईस की,” आई म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

रेवती परतीच्या गाडीला पाऊण तास उभी राहिली. आई बाहेर आली नाही.

सुनावणी पुण्याला होती. सेवाभिलेख अपील मंडळाची खोली लहान होती, पंखा मोठा आणि खुर्च्या कमी. अध्यक्षा निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांच्या डावीकडे एक निवृत्त मेजर जनरल, उजवीकडे मनोविकारतज्ज्ञ. शेडग्यांच्या अर्जावरून मंडळाने चौकीवरचा जुना संच भांडारातून मागवून टेबलावर ठेवला होता. साचा अजून त्यात होता. बोलायला मात्र कोणी नव्हतं.

“साक्षीदार?” अध्यक्षांनी विचारलं.

शेडग्यांनी घसा खाकरला. “मॅडम, आमची विनंती अशी की…” ते दाराकडे बघून थांबले. दारात फिकं लुगडं नेसलेली, कपाळ कोरं असलेली एक बाई उभी होती, आणि तिच्या हातात फडक्यात बांधलेलं बोचकं होतं.

“पहिल्या येष्टीनं निघाले,” आई कुणाकडेच न बघता म्हणाली. “स्वारगेटवर रस्ता गावंना.”

“वहिनी, बसा, बसा!” शेडग्यांनी स्वतःची खुर्ची दिली. “ही माझी साक्षीदार, मॅडम.”

शपथ झाली. नाव सांगितलं, सगुणा रंगराव कणसे. बोचकं सुटलं, घरचा संच टेबलाच्या या टोकाला आला, भांडारातला त्या टोकाला.

“यात बोलून दाखवा,” अध्यक्षा म्हणाल्या.

“काय बोलू?” आईने विचारलं.

आणि खोलीच्या त्या टोकाकडून सुभेदार रंगराव कणसे म्हणाले, “काय बोलू?”

जनरलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. रेवतीने बाकाची कड धरली. पहिल्यापासून ठाऊक होतं तिला हे असं होणार आहे. किती सेकंदांनी होणार तेही ठाऊक होतं. तरी ती त्या टोकाकडे वळून बघत राहिली. हा आवाज तिने बाबांच्या तोंडून ऐकल्याला साडेतीन वर्षं होऊन गेली होती. त्यानंतरचा सगळा आईचा होता.

“पुरे,” अध्यक्षा हलक्या आवाजात म्हणाल्या. “संच बंद करा. बाई, आता तुमच्याच आवाजात सांगा. अकरा फेब्रुवारीला डॉक्टरांशी कोण बोललं?”

“मीच.”

“त्यांनी काय विचारलं?”

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “हिंदीत बोलत हुते. फौजेच्या क्वार्टरमधी राहिलेय मी, समजतं. म्हणाले, सुभेदारसाब, तुमची मुलगी म्हणती, बोलणारं तिचं वडील न्हाईत. तुम्ही वडीलच का?”

“आणि तुम्ही हो म्हणालात.”

“लगेच न्हाई म्हटलं.”

शेडगे किंचित पुढे झुकले. हे त्यांना ठाऊक नव्हतं. रेवतीलाही नव्हतं.

“मी आधी इचारलं, साहेब, व्हय म्हटलं तर काय, न्हाई म्हटलं तर काय? चांगला माणूस हुता, नीट सांगितलं त्यानं. म्हणाला, तुम्ही वडील नसाल तर पोरगी खरं सांगती, डोकं ठिकाणावर हाय, ती चौकीवर राहील. आणि वडील असाल तर ती आजारी हाय. मग तिला खाली आणू, औषध देऊ, आणि घरी धाडू.” तिने रेवतीकडे पाहिलं नाही. “त्याच आठवड्यात शेजारच्या चौकीवरची तीन पोरं गेली म्हणून बातम्यांत सांगितलं हुतं. आमच्यातला एक फोटो भिंतीला लागून तीन महिनं झालं हुतं. दुसरा खिळा ठोकायचा न्हवता मला त्या भिंतीत. म्हणून मी व्हय म्हटलं.”

अध्यक्षांनी ते शब्दशः लिहून घेतलं.

“मुलीच्या सेवापुस्तकात काय लिहिलं जाईल, याची तुम्हाला कल्पना होती?” मनोविकारतज्ज्ञांनी विचारलं.

“कागदाचं मला काय कळतंय? ती खाली येणार, एवढं कळलं.”

“आणि तीन वर्षं हे कोणालाच सांगितलं नाहीत?”

“कुणाला सांगू? एकीलाच सांगायचं हुतं. तिलाच कसं सांगू?”

अध्यक्षांनी जबानी वाचून दाखवली. आईने अक्षर अक्षर जोडून सही केली. घरचा संच पुरावा म्हणून मंडळाने ठेवून घेतला. तिने फडकं तेवढं घडी घालून परत घेतलं.

बाहेरच्या व्हरांड्यात एक लांब बाक होता. शेडगे चहा सांगायला गेले आणि मुद्दामच लवकर परतले नाहीत. मायलेकी बाकाच्या दोन टोकांना बसल्या.

“तू मला वेडी ठरवून घरी आणलंस,” रेवती म्हणाली.

“व्हय.”

“मी इस्पितळात सहा आठवडे गोळ्या खाल्ल्या. घरी आल्यावर खाल्ल्या. आपल्याला खरंच भास होत असेल, असं मला वाटायला लागलं होतं. पात्यांची खरखर ऐकताना दोन-दोनदा तपासते मी, ती आहे की माझ्याच डोक्यात आहे म्हणून. हे तुला कळतंय का?”

“आता कळतंय.”

“आणि परत तसंच झालं तर? परत डॉक्टरने विचारलं तर?”

आईने फडक्याची घडी मोडून पुन्हा घातली. “व्हयच म्हणंन,” ती म्हणाली. मग पुटपुटली, “न्हाईतरी काय मिळालं? घरी आणलं, पर घरी ऱ्हायलीस कुठं तू.”

रेवतीने तिला स्वारगेटला नेऊन गाडीत बसवलं, पाण्याची बाटली दिली, खिडकीखाली उभी राहिली. गाडी हलली तेव्हा आईने हात वर केला. तो निरोपाचा होता की पुढची दांडी धरायला होता, ते गर्दीत नीट दिसलं नाही.

निकाल सात आठवड्यांनी आला. पठारावर मोबाईलला जेमतेम एकोणिसाव्या पवनचक्कीपाशी रेंज मिळे. तिथे दगडावर बसून, सकाळच्या उन्हात हाताचा आडोसा करून रेवतीने तो वाचला.

‘अपीलकर्तीशी तिच्या वडिलांच्या आवाजात बोलणारी व्यक्ती तिचे वडील नव्हते, हे निःसंशय सिद्ध झाले आहे. अपीलकर्तीने केलेल्या नोंदी अचूक असून तिचे अनुमान योग्य होते. संभ्रमविकाराचे निदान रद्द करण्यात येत आहे. रकाना अकरा कोरा करावा. साक्षीदाराविरुद्ध कारवाईची शिफारस नाही.’

शेडग्यांचा फोन लगेच आला. “नाईकसाहेब! पेढे कुठायत? जिंकलो की नाही? बंदरवाल्यांना आजच्या आज प्रत पाठवतो. आता जा तिकडे, मासे खा, आणि आम्हा घाटावरच्यांना विसरू नकोस.” ते खूप बोलले. ती हो हो म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर पुन्हा नुसता वारा राहिला.

तिने पहिलं वाक्य परत वाचलं. तिचे वडील नव्हते, निःसंशय. हे कोणीतरी लिहून द्यावं म्हणून ती तीन वर्षं झगडली होती. आता ते लिहिलेलं होतं, खाली तीन सह्या होत्या. त्या हिवाळ्यात बाबा एकदाही तिच्याशी बोलले नव्हते, आणि यावर आता कुठेच अपील नव्हतं.

ही बातमी सांगायला फोनमध्ये नावं फार नव्हती. चौकीवरचे सोबती केव्हाच तुटले होते. जीपवाला परवा येणार होता. तिने यादी वरपासून खालपर्यंत सरकवली, मग खालून वर. पुण्यापासून दोघींचं बोलणं झालं नव्हतं. तिने नंबर लावला. बराच वेळ वाजत राहिला.

“हालू,” आईचा बारीक, स्वतःचा आवाज आला. मागे कुठेतरी बादली ठेवल्याचा खणखणाट झाला.

“मी बोलतेय. निकाल लागला.”

“काय लागला?”

“त्यांनी लिहून दिलंय. मी वेडी नव्हते.”

“ते मला तवाच माहीत हुतं,” आई म्हणाली.